लोखंड्यांची पाचवी मागणी

रविवारची सुट्टी कामगारांना कोणी मिळवून दिली, असे विचारले तर आज बऱ्याच कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे हे नाव सांगता येते. हे आपोआप घडलेले नाही. सत्यशोधक आणि आंबेडकरी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे हे नाव लावून धरले म्हणून घडले. नाहीतर कामगार चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या पंडितांनी लोखंड्यांना एका तळटीपेत बसवून टाकले होते. ३ मे २००५ रोजी भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. म्हणजे मृत्यूनंतर तब्बल १०८ वर्षांनी सरकारला हा माणूस आठवला.

परंतु रविवारच्या सुट्टीने लोखंड्यांचे नाव जसे राखले, तसे त्यांचे दुसरे एक मोठे काम झाकूनही टाकले, असे आमचे मत आहे. १८८४ साली परळला भरलेल्या कामगारांच्या सभेत लोखंड्यांनी पाच मागण्या मांडल्या होत्या. सुट्टी ही त्यातली पहिली. पाचवी मागणी होती ती कामावर जखमी झालेल्या कामगाराची. त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची योग्य तजवीज व्हावी, अशी ती मागणी. वकिलीच्या निमित्ताने बोटे गमावलेले, डोळा गमावलेले, कमरेतून मोडलेले कामगार आम्ही रोज पाहतो. त्यामुळे आम्हांला ही पाचवी मागणी पहिलीपेक्षा कमी महत्त्वाची कधीच वाटली नाही. पहिली मागणी सहा वर्षांत पदरात पडली. पाचवी मात्र १४० वर्षे उलटली तरी पुरती मान्य झालेली नाही. म्हणून आज लोखंड्यांचे चरित्र या पाचव्या मागणीच्या बाजूने वाचायचे आहे.

लोखंड्यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. हे कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. १८४८ हे साल आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. ज्या वर्षी बहुजनांच्या घरात अक्षर शिरू लागले, त्याच वर्षी ते अक्षर पुढे कामगारांच्या उपयोगी आणणारा माणूस जन्माला आला. नारायणरावांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. त्या काळी माळ्याच्या पोराने एवढे शिकणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यांनी आधी रेल्वेत नोकरी केली, मग टपाल खात्यात केली आणि नंतर मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले.

ही गिरणीतील नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. स्टोअरकीपर हा साहेबही नसतो आणि साच्यावरचा कामगारही नसतो. तो मधल्या जागी उभा असतो. मालकाचा हिशेब त्याला दिसतो आणि कामगाराचे हालही दिसतात. कोणत्या यंत्राला काय सामान लागले हे त्याच्या वहीत असते. पण त्या यंत्राने कोणाचा हात नेला याची नोंद मात्र कोणत्याच वहीत नसते.

त्या काळची गिरणी कशी होती हे समजल्याशिवाय लोखंडे समजणार नाहीत. मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभारायला घेतली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांच्या चिमण्या परळ, लालबाग, भायखळ्यापर्यंत पसरल्या. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर या भागांतून माणसे पोटासाठी मुंबईला आली. १८७६-७७ च्या दुष्काळाने तर खेडीच्या खेडी उठवली. विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य उगवला की गिरणी सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा-चौदा तास चाले. आठवड्याची सुट्टी नव्हती. सणावारी गिरणी बंद असली तरी यंत्रे पुसायला, साफ करायला कामगाराला अर्धा दिवस यावेच लागे. पगार महिना उलटून गेल्यावर कितीतरी दिवसांनी हातात पडे. तोवर घर चालायचे ते सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीवर.

वाफेच्या इंजिनावरून निघालेला मोठा दांडा गिरणीभर फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रापर्यंत यायचे. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्या पट्ट्यात अडकला की माणूस आत ओढला जायचा. पिंजण्याच्या यंत्रात बोटे जायची. कापसाची धूळ छातीत बसून दमा लागायचा तो वेगळाच. बारा-तेरा तास उभे राहून डोळ्यांवर झापड आलेली पोरे यंत्राखाली सफाई करीत. अपघात होणार नाही तर काय होणार?

आणि अपघात झाल्यावर? काही नाही. हात तुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी गिरणीच्या दारात उभा राहिला तर त्याची जागा भरलेली असे. अडकलेला पगार मिळाला तर मिळाला. नाहीतर त्याने गावची वाट धरायची. तिथे जमीन असती तर तो मुंबईला आलाच कशाला असता?

कायदा काय म्हणत होता हेही वकील म्हणून आम्हांला पाहिले पाहिजे. १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा होता, पण तो माणूस मेला तर त्याच्या वारसांसाठी. तिथेही मालकाची चूक सिद्ध करावी लागे. जिवंत राहिलेल्या अपंग कामगाराला दिवाणी कोर्टात जाऊन मालकाचा निष्काळजीपणा शाबीत करावा लागणार. इंग्रजी कायद्यात तर असे मानले जाई की कामगाराने कामाचा धोका पत्करूनच नोकरी घेतली आहे, आणि सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. ज्याला सही येत नाही, ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही, त्याने कोर्ट फी भरून, वकील देऊन हे सिद्ध करायचे! १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. १०० किंवा जास्त कामगार असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, बारा वर्षांखालील मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, धोक्याच्या यंत्राला कुंपण घालावे आणि अपघाताची खबर सरकारला द्यावी, असे त्यात होते. खबर सरकारला मिळणार, पण जखमी कामगाराला एक पैसाही मिळणार नाही, असा तो कायदा होता. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांचा तर त्यात उल्लेखही नव्हता.

या परिस्थितीत लोखंडे उभे राहिले. त्यांना उभे केले ते सत्यशोधक विचाराने. २४ सप्टेंबर १८७३ रोजी फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. लोखंडे त्यात आले आणि मुंबईतील सत्यशोधकांचे ते मोठे आधारस्तंभ झाले. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधू' हे पत्र सुरू केले होते. ते चालवणे भालेकरांना पैशाअभावी अशक्य झाले, तेव्हा १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईला आणून आपल्या अंगावर घेतले. या कामात मुंबईतील तेलुगू सत्यशोधकांनी मोठी मदत केली. रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांचे नाव इथे कृतज्ञतेने घेतले पाहिजे. बहुजनांची चळवळ भाषेच्या कुंपणात अडकलेली नव्हती, हे या एका नावावरून कळते. लोखंड्यांनी नोकरी सोडून 'दीनबंधू'ला वाहून घेतले. शेतकऱ्यांची आणि कामगारांची गाऱ्हाणी छापणारे पत्र त्या काळी शोधून सापडत नव्हते. लोखंड्यांनी ते मरेपर्यंत चालवले.

१८८४ साली मुंबई सरकारने फॅक्टरी कायद्याची चौकशी करण्यासाठी एक कमिशन नेमले. मुंबईचे कलेक्टर मुलक हे त्याचे अध्यक्ष होते. कमिशन मालकांचे ऐकणार, डॉक्टरांचे ऐकणार, इन्स्पेक्टरांचे ऐकणार. पण कामगारांचे कोण ऐकणार? लोखंड्यांनी हा प्रश्न सभेने सोडवला. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली आणि २६ सप्टेंबरला पुन्हा सभा झाली. हिंदुस्थानातील कामगारांनी स्वतःच्या मागण्या ठरवण्यासाठी भरवलेल्या या पहिल्या सभांपैकी होत. तिथे पाच मागण्या ठरल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांनिशी अर्ज तयार झाला. याच कामातून बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभे राहिले. लोखंडे त्याचे अध्यक्ष होते.

त्या पाच मागण्या अशा होत्या. एक, दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी असावी. दोन, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. तीन, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. चार, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा. आणि पाच, काम करताना गंभीर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

वाचकांनी या पाचही मागण्या एकत्र वाचाव्यात. पहिल्या तीन मागण्या अपघात कमी करणाऱ्या आहेत, कारण थकलेल्या हातालाच यंत्र गिळते. चौथी मागणी कामगाराला सावकाराच्या दारातून बाहेर काढणारी आहे. ज्याचा पगारच दीड-दीड महिना अडकतो त्याच्यापाशी आजारपणासाठी चार पैसे कुठून राहणार? आणि एवढे करूनही अपघात झालाच तर पाचवी मागणी त्याला सांभाळणारी आहे. ही सुटी सुटी गाऱ्हाणी नाहीत. कामगाराच्या शरीराचा नीट विचार करून रचलेली ही एक व्यवस्था आहे.

पाचव्या मागणीत कायद्याचे केवढे मोठे तत्त्व आहे, हे आम्ही वकिलांनी तरी सांगितले पाहिजे. या मागणीत मालकाची चूक सिद्ध करा अशी अट नाही. अपघात कामावर झाला ना? मग पगार चालू ठेवा. जखम भरणारी असेल तर भरेपर्यंत द्या, न भरणारी असेल तर जन्माची सोय करा. आज कायद्यात ज्याला तात्पुरते अपंगत्व आणि कायमचे अपंगत्व म्हणतात, ते दोन्ही भाग परळच्या मागणीत स्पष्ट वेगळे केलेले आहेत. मालकाची चूक असो वा नसो, अपघाताचा खर्च धंद्याने सोसावा, हे तत्त्व त्या वेळी जगातही नवे होते. जर्मनीत अपघात विम्याचा कायदा जुलै १८८४ मध्ये झाला, म्हणजे परळच्या सभेच्या अवघे दोन-अडीच महिने आधी. इंग्लंडात कामगार नुकसानभरपाईचा कायदा व्हायला १८९७ साल उजाडले. जर्मनीचा कायदा बिस्मार्कने कामगार समाजवाद्यांकडे वळू नयेत म्हणून वरून दिला होता. परळची मागणी खालून आली होती. ज्यांना गुलामीच्या अंधारात ठेवले गेले, त्या समाजातील एका मॅट्रिक झालेल्या माणसाने आणि अंगठे उठवणाऱ्या गिरणी कामगारांनी ती केली होती. आमच्या लोकांना विचार बाहेरून आणावा लागतो असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

या मागण्यांना विरोध कोणी केला? गिरणी मालकांनी केला हे तर उघडच आहे. पण त्या काळच्या अनेक राष्ट्रवादी पत्रांनीही फॅक्टरी कायद्याला विरोध केला. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना हिंदुस्थानातील गिरण्या बुडवायच्या आहेत, म्हणून ते असे कायदे मागतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. मँचेस्टरच्या मालकांचा स्वार्थ होताच, आम्ही तो नाकारत नाही. पण पट्ट्यात हात गेलेल्या कामगाराला मँचेस्टरशी काय देणेघेणे? देशी मालकाच्या गिरणीत तुटलेला हात कमी दुखतो काय? लोखंडे या वादात कामगाराच्या बाजूने उभे राहिले. देशाच्या उद्योगाची किंमत एकट्या कामगाराच्या शरीरातून वसूल करू नका, हाच त्यांच्या भूमिकेचा अर्थ होता.

कमिशन झाले, पण सरकारने लगेच काही केले नाही. १८८९ साली कामगारांचा अर्ज पुन्हा गेला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १८९० सालची ही गोष्ट आहे. बाईने चारचौघांत तोंड उघडू नये असे शास्त्र सांगणाऱ्या काळात सावित्रीमाईंच्या चळवळीतील लोकांनी गिरणीतील बाईला सभेत उभे केले. या सभेनंतर गिरणी मालक संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. १० जून १८९० ही तारीख कामगार म्हणूनच लक्षात ठेवतात. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी लेबर कमिशनमध्ये लोखंड्यांना मुंबईपुरते सहयोगी म्हणून घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी ज्यांना अर्ज पाठवावा लागत होता, ते आता चौकशीच्या बाजूला बसले. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली आणि मुलांचे किमान वय नऊ झाले. जखमी कामगाराबद्दल मात्र त्यात भरपाईचे एक कलमही नव्हते. पाचवी मागणी तिथेच राहिली.

लोखंड्यांचे बाकीचे काम थोडक्यात सांगतो. ११ मे १८८८ रोजी मांडवीच्या कोळीवाड्यात मुंबईच्या जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली, त्या समारंभामागे लोखंडे होते. १८९० साली त्यांनी मुंबईतील नाभिक बांधवांना एकत्र केले आणि विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार त्यांच्याकडून करवून घेतला. जुलमी रूढी ज्याच्या हातून पार पाडली जाते, त्या हातानेच नकार दिला की रूढी लुळी पडते, हे त्यांनी दाखवून दिले. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुस्लीम दंगल उसळली तेव्हा कामगार वस्त्यांत सलोखा राहावा म्हणून ते फिरले, राणीच्या बागेत त्यांनी ऐक्याची सभा घेतली. सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस केले आणि रावबहादूर ही पदवी दिली.

त्यांच्यावर टीकाही होते आणि ती झाकण्याचे आम्हांला कारण नाही. असोसिएशनला रीतसर सभासद नव्हते, वर्गणी नव्हती, नियम नव्हते, म्हणून ती खरी युनियन नव्हे, असे काही अभ्यासक म्हणतात. लोखंडे अर्जविनंत्या करीत, त्यांनी संपाचे हत्यार उचलले नाही, असेही म्हणतात. यातले पुष्कळसे खरे आहे. पण ट्रेड युनियनचा कायदाच १९२६ साली आला, हे विसरून १८८४ च्या माणसाचे माप काढता येत नाही. आमची स्वतःची एक वेगळी तक्रार आहे. अस्पृश्य कामगाराला गिरणीच्या कापडखात्यात शिरू देत नसत. धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे, त्याचा विटाळ सवर्ण कामगारांना चालत नसे. त्यामुळे जास्त पगाराची ती कामे अस्पृश्यांना बंद होती आणि त्यांना सूतखात्यात व हलक्या पगाराच्या कामांत राहावे लागे. जातीची ही भिंत परळच्या पाच मागण्यांत आलेली नाही. तो प्रश्न ऐरणीवर यायला बाबासाहेबांची वाट पाहावी लागली.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला. पहिले रोगी सापडले ते मांडवीत, जिथे लोखंड्यांनी कधीकाळी नोकरी केली होती त्याच भागात. ज्यांना जाता येत होते ते शहर सोडून गेले. सरकारी इस्पितळाला गोरगरीब घाबरत होते, कारण तिथे गेलेला परत येत नाही अशी समजूत होती. अशा वेळी लोखंड्यांनी मुंबईत मराठा हॉस्पिटल काढले आणि रोग्यांची सेवा केली. ही सेवा करतानाच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी पन्नाशीही गाठलेली नव्हती. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्यात सावित्रीमाईही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. दोघेही आपापल्या कामावरच पडले.

आता पाचव्या मागणीचे पुढे काय झाले ते पाहू. ना. म. जोशी यांच्यासारखे प्रतिनिधी कायदेमंडळात पोहोचल्यानंतर १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. परळच्या सभेला तेव्हा ३९ वर्षे झाली होती. चूक सिद्ध करण्याची अट गेली, हा मोठा विजय होता. पण पूर्ण पगार मिळाला नाही. अर्ध्या पगाराच्या हिशेबाने भरपाई आली आणि सुरुवातीला तर पहिल्या दहा दिवसांचे काहीच मिळत नसे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९४३ साली, प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेचे काम देण्यात आले आणि त्यांनी १९४४ साली अहवाल दिला. त्या पायावर १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. या योजनेत जखमी कामगाराला पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद झाली आणि कायमच्या अपंगत्वासाठी दरमहा लाभ सुरू झाला. परळची मागणी कायद्याच्या सर्वांत जवळ आली ती इथे. महात्मा फुल्यांना बाबासाहेबांनी गुरू मानले. त्या गुरूच्या एका शिष्याने १८८४ साली मागितलेल्या गोष्टीचा रस्ता बाबासाहेबांच्या खात्यातून गेला, हा आमच्या चळवळीचा धागा आहे.

पण जो कामगार राज्य विम्यात नाही, त्याचे काय? १९२३ च्या कायद्यात तात्पुरत्या अपंगत्वाला मिळणारी रक्कम दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के, म्हणजे हिशेबाने अर्धा पगारच राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने सामाजिक सुरक्षा संहिता लागू केली आणि १९२३ व १९४८ चे दोन्ही कायदे तिच्यात गेले. तिथेही हे प्रमाण तेच आहे. लोखंड्यांनी पूर्ण पगार मागितला होता. १४० वर्षांनी कायदा अर्ध्यावरच थांबला आहे.

आणि हे अर्धे तरी हातात पडते काय? चाकण, भोसरी, वाळूजच्या पट्ट्यात प्रेस मशीनवर बोटे जातात. बोटे गमावणारा बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस असतो. त्याच्यापाशी हजेरी कार्ड नसते, पगाराची चिठ्ठी नसते. उत्पादन अडते म्हणून मशीनचा सेन्सर काढून ठेवलेला असतो आणि दोष कामगाराच्या माथी मारला जातो. आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांची कहाणी एकच. ठेकेदाराने दवाखान्याचे बिल भरले, दहा-वीस हजार हातावर ठेवले आणि कोऱ्या कागदावर सही घेतली. आता हिशेब करून पाहा. तीस वर्षांच्या, महिना १५,००० रुपये पगार असलेल्या कामगाराची एका हाताची चार बोटे गेली, तर १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे कमाईची क्षमता ५० टक्के गेली असे धरले जाते. पगाराच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने, म्हणजे २०७.९८ ने गुणून त्याचे निम्मे करा. ही रक्कम ९ लाख ३५ हजार ९१० रुपये होते. दहा-वीस हजार कुठे आणि ही रक्कम कुठे!

आमच्या समाजाला आणखी एक गोष्ट माहीत असली पाहिजे. गटारात उतरून मरणाऱ्या आणि जायबंदी होणाऱ्या सफाई कामगारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. अपंगत्व आल्यास किमान १० लाख, आणि ते कायमचे असून माणूस कमावण्याच्या लायकीचा राहिला नाही तर किमान २० लाख द्यावेत, असे सांगितले. माणसाला गटारात उतरवणेच कायद्याने बंद आहे आणि तरी उतरवले जाते. ते कोणत्या जातींना उतरवले जाते हे आम्ही लिहायची गरज आहे काय?

म्हणून कामगार बांधवांना आणि भगिनींना आमचे सांगणे आहे. अपघात झाला की त्याची लेखी खबर मालकाला द्या आणि तिची पोच ठेवा. दवाखान्यात अपघात कामावर झाला असेच नोंदवा, घरी पडलो असे कोणाच्या सांगण्यावरून लिहू देऊ नका. हजेरीचा, पगाराचा जो काही पुरावा असेल, मग तो मोबाईलवरचा निरोप का असेना, तो जपा. ठेकेदार पळाला तरी मूळ मालकाची जबाबदारी संपत नाही. भरपाईचा हक्क सोडला अशी सही घेतली असेल तर घाबरू नका, असा करार कायद्याने निरर्थक असतो. दावा दोन वर्षांच्या आत करा, तो तुम्ही राहता त्या भागातही करता येतो. महिन्याच्या आत भरपाई दिली नाही तर मालकाला १२ टक्के व्याज आणि वर दंडही बसू शकतो.

आणि कार्यकर्त्यांना आमचे सांगणे असे, की ९ फेब्रुवारीला लोखंड्यांच्या प्रतिमेला हार घालण्याआधी आपल्या वस्तीत कामावर अपंग झालेले किती लोक आहेत त्यांची यादी करा. त्यातील किती जणांना भरपाई मिळाली हे विचारा. ज्यांना मिळाली नाही आणि ज्यांची मुदत अजून आहे त्यांचे अर्ज भरा. परळला ५,५०० सह्या गोळा झाल्या तेव्हा कायदा नव्हता, युनियन नव्हती, मतदानाचा हक्क नव्हता. आज हे सर्व आपल्यापाशी आहे. पूर्ण पगाराची आणि जन्माच्या तजविजीची ती पाचवी मागणी अजून शिल्लक आहे. ती आता आपण पुढे न्यायची आहे.